ल्हासा, काठमांडू टाळून

सातारा, ११ जानेवारी २०२६

प्रिय दादा,

इतकी वर्षं एक ओळही लिहिली नाही, त्याबद्दल आधी माफी मागते. सुरुवातीला वाटायचं, तूच फोन करशील. मग वाटायला लागलं की आता आपण केला तर इतका उशीर का केला तेही सांगावं लागेल, आणि ते मला सांगता येईना. दिवाळीला मी पाठवलेल्या पणत्यांच्या चित्राला तुझ्याकडून दोन निळ्या खुणा येतात, बाकी काही नाही. पत्राला तशा खुणा नसतात हे बरं. तू वाचलंस की नाही ते मला कळणार नाही, त्यामुळे त्रासही होणार नाही. (हे खरं नाही. होईल.)

लालासाहेब पाटलांचा विट्याहून निरोप आला की ते परवा काठमांडूला निघतायत, काही द्यायचं असेल तर द्या. तुझ्या गलाईच्या दुकानात ते तुझ्यासोबत सोनं गाळतात, म्हणजे पत्र तुझ्या हातात तरी पडेल.

आई माझ्याकडे आहे. दिवाळीनंतर तिच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. आता तिला सगळं दिसतं, आणि त्यामुळे माझ्या घरात किती जाळी आहेत हेही कळलं. मागच्या आठवड्यात गावाकडची भामाबाई तिला बघायला आली होती. भामाबाई गेल्या साली कैलासाला जाऊन आली आहे आणि तेव्हापासून ती दुसरं काही बोलत नाही. तिने मोबाइलवर फोटो दाखवले. त्यात ल्हासाचा तो डोंगरावरचा मोठा राजवाडा होता, पांढरा आणि तांबडा.

आईने विचारलं, "हे गाव कुनाचं?"

भामाबाई म्हणाली, "तिबेटात हाय ते. लय उंच. चार पावलं चाललं की धाप लागती."

"आकारामच्या गावापास्नं किती लांब?"

दादा, सहा वर्षांत तिने तुझं नाव घेतलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. मी म्हटलं, विमानाने दीडेक तास.

"पर त्याचं न्हाई ना ते गाव?"

"नाही."

"मग मला तिथं जायाचं हाय," आई म्हणाली, आणि भामाबाईसाठी चहा ठेवायला आत गेली.

तुला माहीत आहे तिने काय केलं होतं, पण तू समोर नव्हतास म्हणून सांगते. तू लग्न करून मग फोन केलास. आईने फोन ठेवला, बिरोबाच्या पुढ्यातला भंडारा मुठीत उचलला आणि म्हणाली, त्यानं हितं यायचं न्हाई आणि मी त्याच्या गावात पाय ठेवायची न्हाई. भंडारा उचलून बोललेलं ती मोडणार नाही. आपल्यात कोणीच मोडत नाही. मी बी.ए., एम.ए. केलं, कॉलेजच्या ग्रंथालयात बसते, तरी मलाही तो भंडारा खोटा म्हणता येत नाही. का येत नाही, याचा मी खूप विचार केला.

पण ल्हासा तिचंही नाही आणि तुझंही नाही. एवढं तिने शोधून काढलं आहे.

तिने मला तुला सांग म्हटलेलं नाही. सांगू नको असंही म्हटलेलं नाही. ती फक्त मोठ्याने म्हणाली, "कुनी तिथं भेटलं तर भेटलं." म्हणून सांगते. मार्चअखेरपर्यंत तिबेट परदेशी लोकांसाठी बंद असतं म्हणतात, एप्रिलमध्ये उघडतं. एप्रिलच्या शेवटी तिथे फुलं येतात, थंडीही सोसण्यासारखी असते. त्या सुमाराला तू ल्हासाला येशील का?

थंडीचे कपडे किती घ्यावेत तेही कळव. पत्रात तेवढंच विचारायचं ठरवलं होतं.

तुझी,
क्रांती


सातारा, १ फेब्रुवारी

प्रिय दादा, आणि वहिनी,

लालासाहेब येऊन गेले. मी विचारलं, दादा काय म्हणाला? ते म्हणाले, "आवं ताई, दादा पत्र उघडीतच न्हाईत. गल्ल्यावर ठिवून दिलं. सोनमवैनींनी उघडलं आणि दुकानात समद्यांफुडं मोठ्यांदा वाचलं. आमची पोरं लय हासली त्या निळ्या खुणांला."

"आणि दादा?"

"दादा भट्टीकडं तोंड करून उभं. मधीच म्हनले, पुना वाच ते, मोतीबिंदूचं."

वहिनी, म्हणजे माझी पत्रं तुम्ही वाचता. नेपाळी आणि मराठी दोन्हींची लिपी एकच, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. आधी लाज वाटली. घरी येऊन आठवायला लागले, तुमच्याबद्दल काही वेडंवाकडं लिहिलंय का. मग लक्षात आलं की तुमच्याबद्दल मी काहीच लिहिलेलं नाही, आणि त्याची जास्त लाज वाटली. तुम्ही कशा आहात? पुढची वाक्यं जरा मोठ्याने वाचा म्हणजे भट्टीपर्यंत ऐकू जातील.

दादा, आईची तयारी जोरात आहे. सकाळी आम्ही अजिंक्यताऱ्यावर चढतो. डॉक्टरांनी दोघींना तपासलं. आईचं हृदय, फुप्फुसं, रक्तदाब सगळं ठीक. माझा रक्तदाब वाढलेला निघाला. आई त्यांना म्हणाली, "हिला गोळी द्या. मला न्यायला कुनीतरी जितं पायजे." आता रोज सकाळी ती गोळी माझ्या हातावर ठेवते आणि मी गिळेपर्यंत उभी राहते.

चढताना ती पुढे असते असं नाही. ती शिंकतेसुद्धा बसून. दर वळणावर बसते, खाली साताऱ्याकडे बघते, येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला गाव विचारते. कोणी आटपाडीकडचा निघाला तर अर्धा तास जातो. पण मेंढरांमागे कोकणाच्या वाटेवर सगळं आयुष्य गेल्यामुळे तिला घाई कुठे करायची नाही हे बरोबर कळतं, आणि भामाबाई म्हणते की ल्हासाला तेवढंच लागतं.

तिची खरी काळजी वेगळीच आहे. उंचावर पाणी लवकर उकळतं आणि भात कच्चा राहतो, हे मी तिला वाचून दाखवलं. म्हटलं आता बेत रद्द होतो. रात्री जेवताना म्हणाली, "बाजरीची भाकर तव्यावर हुतीया. तिला पान्याचं काय?" दुसऱ्या दिवशी तिने चार किलो बाजरी निवडली. घोंगडंही बाहेर काढून उन्हात टाकलं आहे. मी म्हटलं, तिथे हॉटेलात गाद्या, रजया असतात. "त्यांच्या त्यास्नी आसूंद्यात."

राजवाड्याच्या पायऱ्या जेजुरीएवढ्या आहेत का, तेही तिला हवं आहे. कोणाला माहीत असेल तर सांगा.

आता अडचण. सांगलीच्या एका प्रवासी कंपनीत गेले होते. तिथल्या संयोगिताबाई फार समजूतदार आहेत. त्यांनी सांगितलं की आपल्याकडचे लोक सगळे काठमांडूवरूनच जातात. तिथे तीन-चार दिवस थांबायचं, परवाना हातात आला की पुढचं विमान. मी आनंदाने घरी येऊन आईला कागद दाखवला. नकाशावर बोट ठेवलं.

"हितं उतरायचं?"

"हो. काठमांडू."

"ते त्याचं गाव न्हवं का?"

मला हे आधी कळायला हवं होतं. मी काय समजत होते? मला वाटतं, मी मनात धरून चालले होते की तिथे पोहोचली की ती आपोआप विरघळेल, आणि मग तुझ्या दारात उभी राहील. म्हणजे मी तिला फसवून नेत होते. नेत होते का? मी स्वतःला तसं म्हटलं नव्हतं, पण तसंच ते होतं.

आईने कागद घडी करून परत दिला. म्हणाली, "तू त्याला सांग, बाजरी फुकट जायाची न्हाई, हितंच खाऊ." मी तुला सांगते आहे. सकाळी आम्ही गडावर गेलो नाही.

तुमची,
क्रांती


गावाहून, २२ फेब्रुवारी

प्रिय दादा आणि वहिनी,

वहिनी, हे पत्र आधी एकट्याने वाचून बघा, मग ठरवा दुकानात वाचायचं की नाही. तुम्ही विणून पाठवलेले लोकरीचे मोजे मिळाले. आईने ते पाहिले, बोटांनी वीण चाचपली, "कुनी इनलं?" विचारलं. मी सांगितलं. मग ते माझ्या पिशवीतून तिच्या पिशवीत गेले.

दादा, आई मुकाट्याने बसणारी नाही हे तुला ठाऊक आहे. शुक्रवारी म्हणाली, "गावाला चल. देवाला ईचारू." काय विचारायचं? "भंडारा देवानं माघारी घ्यावा का न्हाई, ते."

आज रविवार, म्हणून देवळात गर्दी. हरिबा पुजाऱ्यांनी कौल लावला. तुला आठवत असेल, देवाच्या दोन्ही अंगांना ओल्या कळ्या चिकटवतात. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. आईने हात जोडून विचारलं, काठमांडूत पाय ठेवू का. आणि आम्ही बसलो.

कळ्या पडेनात. हरिबा म्हणाले, "आंबूबाई, तू आवघड ईचारतीस बग. लोकं पाऊस ईचारत्यात, त्यो सांगतो पटकन."

आई म्हणाली, "त्याला येळ हाय. मला बी हाय."

"मला न्हाई. भाकरी गार झाली माजी."

माणसं येत होती, पाया पडत होती, आमच्याकडे बघून हळू आवाजात चौकशी करत होती. मग ती माणसंही बसायला लागली. काय विचारलंय ते सगळ्या गावाला कळलं. एक म्हातारे मोठ्याने म्हणाले, "आकाऱ्याला बलवून घ्या की रं सरळ." आईने मान वळवून त्यांच्याकडे नुसतं पाहिलं.

मी उजव्या कळीकडे बघत होते. दादा, मी अशी कधी कशाकडे बघितलेली नाही. ती जरा कललेली होती. मी देवाच्या अगदी जवळ, उजव्या बाजूला बसले होते. आणि मला खोकला आला.

तो आला की मी आणला? हे मी दुपारपासून स्वतःला विचारते आहे. घसा कोरडा होता, धूप जळत होता, हे खरं. पण खोकताना मी तोंडावर हात घेतला नाही, आणि मी नेहमी घेते.

डावी पडली.

हरिबांनी "नगं म्हनतोय" म्हटलं, भंडारा आईच्या कपाळाला लावला आणि जेवायला गेले.

परत येताना चालत आलो. अर्ध्या वाटेत आई म्हणाली, "खोकलीस व्हय गं?"

"हो."

"त्याला काय वाऱ्यानं हलवता येतंय का?" आणि ती हसायला लागली. इतकी हसली की बांधावर बसावं लागलं. मीही बसले. आपल्या आईला असं हसताना मी कधी पाहिलं होतं ते आठवेना. डोळे पुसून म्हणाली, "त्यानं काठमांडूला न्हाई म्हनलं. ल्हासाला न्हाई म्हनलं का? ते मी ईचारलंच न्हाई. दुसरी वाट बग."

म्हणून संध्याकाळी संयोगिताबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "मॅडम, वाट आहे. दिल्लीवरून चीनमध्ये उतरायचं आणि तिथून मागे फिरून ल्हासा. पण हे म्हणजे सांगलीहून साताऱ्याला नागपूरवरून जाण्यासारखं आहे. कशासाठी?" मी म्हटलं, आमच्या आईने भंडारा उचलला आहे. मग त्या म्हणाल्या, "आधी सांगायचं ना. माझं माहेर जतकडचं आहे. करते मी."

तर आम्ही दोघी उलटीकडून येतो आहोत. तुला यायचं तर तुझ्या बाजूने यायचं आहे. संयोगिताबाई म्हणतात, ल्हासात चौघं असोत की दोघी, वाटाड्या आणि परवाना एकाच गटाचा काढता येईल, फक्त पासपोर्टची प्रत लागेल. "हो" म्हणायची गरज नाही. लालासाहेबांकडे नुसती प्रत दे.

आईला मी सांगितलं नाही की तू अजून काहीच उत्तर दिलेलं नाहीस. ती विचारतही नाही. पण आज रात्री झोपताना म्हणाली, "एवढं फिरून जायाचं, आनि तिथं कुनीच नसलं तर?" मी म्हटलं, राजवाडा तरी बघू. "व्हय," म्हणाली. "राजवाडा काय, हाय तिथंच."

क्रांती


सातारा, १५ मार्च

प्रिय सोनमवहिनी,

हे पत्र फक्त तुम्हाला. दुकानात वाचू नका.

काल लालासाहेब आले. पाकीट आईच्याच हातात दिलं. आत दादाच्या पासपोर्टची प्रत आणि चिठ्ठी होती. त्याचं अक्षर सहा वर्षांनी पाहिलं, अजूनही तसंच, सगळे काने वाकडे. "मी येतो. एकटाच येईन. सोनमला यात आणू नका. तिने काही ऐकून घ्यावं असं मला वाटत नाही."

मी वाचून दाखवलं. मला इतका आनंद झाला होता की शेवटचं वाक्य मी जवळजवळ गिळलंच. पण आईने ते ऐकलं.

"एकटा?"

"हो. येतो म्हणतोय, आई."

"एकटा येत आसंल तर येऊ नगं म्हनावं त्याला."

मला वाटलं आता पुन्हा भंडारा उचलते. लालासाहेब चहाचा कप हातात धरून तसेच थिजले. आई म्हणाली, "त्याला मी जल्मापास्नं बघितलाय. त्याच्यासाठी चीन फिरून जाऊ व्हय मी? मला तिला बघायचं हाय. माज्या हातानं हळद लावायची ऱ्हायली, ती कशी हाय ते तरी बगू दे."

मग तिने लालासाहेबांना धरलं. सहा वर्षांत न विचारलेलं सगळं एकदम विचारायला सुरुवात केली. पोरगी कुठली, आईबाप काय करतात.

"वैनींचा बा डोंगरात हाय मावशी. चौऱ्या हायत त्यांच्या, याकासारखं जनावर. उनाळ्यात वर न्हेत्यात, थंडीत खाली आनत्यात."

"म्हंजी? मागं मागं फिरतो?"

"व्हय की. तंबू, कुत्री, समदं आपल्यावानीच."

आई लालासाहेबांवर अशी चिडली! "आनि ह्ये मला आज सांगतोस व्हय रं?"

"मावशी, तुमी ईचारलंच कवा?"

आईने त्यांच्या हातातला निवलेला कप काढून घेतला आणि चहा पुन्हा गरम करून आणला.

मग मी पाकीट उचललं आणि त्यातून आणखी एक कागद खाली पडला. तुमच्या पासपोर्टची प्रत. दादाच्या चिठ्ठीच्या मागे, चार घड्या करून. वहिनी, हे त्याला माहीत आहे का? लालासाहेब आधी म्हणाले, मला काय ठाऊक. मग आईने त्यांच्याकडे पाहिलं तेव्हा म्हणाले, "निघताना वैनींनी पाकीट मागून घेतलं हुतं. चिकटवते म्हनल्या."

आईने तो कागद खिडकीशी नेला. तुमचा फोटो छायाप्रतीत काळाच आला आहे, तरी तिने नव्या डोळ्यांनी तो नीट बघितला. दूर धरून, जवळ धरून. मी वाट बघत होते. मला माझ्या छातीचे ठोके ऐकू येत होते, आणि गोळी तर मी घेतली होती.

"सरळ बगती," ती म्हणाली. "फोटूत लोकं कशी बावरून बगत्यात. ही सरळ बगती."

कागद तिने परत दिला नाही. संध्याकाळी मी संयोगिताबाईंना पाठवायचा म्हणून मागितला, तर म्हणाली, मोबाइलवर फोटो काढून पाठव. तसा पाठवला. चौघांची नावं परवान्यासाठी गेली आहेत. एप्रिलचा शेवटचा आठवडा. तुमच्याबद्दल दादाला काय सांगायचं ते तुम्ही ठरवा. मी त्याला एवढंच लिहिते आहे की आईची अट आहे. अट कोणाची पुरी झाली आणि कशी, यात मी पडत नाही. हे लपवणं आहे का, असा प्रश्न मला पडला. या वेळी मी त्याचा फार विचार करणार नाही.

आईने काही कबूल केलेलं नाही, वहिनी. तुमची माफी मागेल असं मी लिहून तुम्हाला आशा लावणार नाही. तिथे ती पहिल्या दिवशी तुमच्याशी बोलेल की नाही तेही मला सांगता येत नाही. कदाचित ती फक्त चौऱ्यांबद्दल विचारेल. त्या किती दूध देतात, व्यायल्यावर काय घालता, लोकर कधी कातरता. उत्तरं तयार ठेवा.

आज रात्री जेवण झाल्यावर तिने हॉटेलचा कागद मागितला. खोल्या दोनच आहेत. मी सांगितलं, एकीत आपण दोघी, दुसरीत दादा-वहिनी.

"न्हाई," आई म्हणाली. "तू आनि आकाराम ऱ्हावा एका खोलीत. ल्हानपनी एका घोंगड्याखाली झोपलासा, आता काय झालं?"

"आणि तू?"

तिने मोज्यांची जोडी पिशवीतून काढली, नीट बघितली, परत ठेवली. "मला रातीचं उठावं लागतं. नव्या जाग्यात. उंचावर वाढलेलं मानूस जवळ आसलं तर बरं."

एवढंच म्हणाली आणि झोपायला गेली. वहिनी, तिला रात्री उठावं लागत नाही. गाढ झोपते ती, घोरते. मी हे तुम्हाला आधीच सांगून ठेवते.

तुमची नणंद,
क्रांती

उद्याचं काम: सांगलीला फोन करून आईच्या खोलीतलं माझं नाव काढायला आणि तिथे सोनमवहिनींचं घालायला सांगणे.